ढाल्या कुणाच्या वाड्याचा

मी पतंग मारते. प्राणिशास्त्राची बाई म्हणजे किड्यामुंग्यांवर माया करणारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गोव्यात, साखळी गावी आमच्या कॉलेजात, माझ्या टेबलाशी येऊन बसावं. बाटलीत वाफ कोंडून पतंग मारायचा, केसाहून बारीक सुई त्याच्या छातीतून आरपार घालायची, पंख ताणून वाळवायचे आणि शेवटी पोट मोडून पोटॅशमध्ये उकळायचं. इवल्या पतंगांची जात पोटात कळते. बाहेरून सगळे भाऊ-भाऊ दिसतात. नराच्या पोटाच्या टोकाशी जे आकडे-चिमटे असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्याशिवाय नवी जात म्हणून कोणी मानत नाही. म्हणून नर लागतो. निदान एक तरी.

आमचा पतंग तांदळाच्या दाण्याहून लहान होता. काळपट पंख आणि त्यावर सोनेरी दोन पट्टे. त्याची अळी रानजायफळाच्या पानाच्या आत राहते, वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्या मध्ये, आणि तिथला गर खाते. पोट भरलं की दोन्ही पापुद्रे गोल कापते, एकमेकांना चिकटवून त्यांची ढाल करते, आणि त्या ढालीत बसून खाली पाचोळ्यात पडते. पानाला पंच मारल्यासारखं भोक राहतं. ढालीतून पतंग बाहेर येतो तो शिमग्याच्या आसपास, सकाळच्या उन्हात. आम्ही त्याला ढाल्या म्हणायचो.

आम्ही म्हणजे मी आणि प्रज्योत. मी भाग्यलक्ष्मी, घरात भागी. माझ्या रागावरून कॉलेजात मुलं माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. प्रज्योत वनस्पतिशास्त्र शिकवतो. दोघेही डिचोली तालुक्यातल्या निरगुळचे, पण मी वयल्या वाड्यावरची आणि तो सकयल्या वाड्यावरचा. वयला म्हणजे वरचा, सकयला म्हणजे खालचा. मध्ये एक ओहळ, आणि ओहळाला लागून राखणदाराची राय, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची देवराई. ही राय कोणत्या वाड्यात येते यावरून आमच्या गावात पणजोबांच्या वेळेपासून डोकी फुटताहेत. ज्याची राय त्याचा जत्रेतला पहिला नारळ, एवढीच त्यातली कमाई. त्या नारळापायी माझ्या आजोबांचा डोळा गेला आणि प्रज्योतच्या आजोबांचे पुढचे दात. कोर्टातला खटला आम्हा दोघांहून वयाने मोठा आहे. शाळेत असताना मीही वाड्याची लाज राखायला प्रज्योतच्या कपाळावर कंपासपेटी हाणली होती. व्रण अजून आहे. तो भुवई वर करून बोलायला लागला की मला तो दिसतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

रायेतलं वाळकं पानसुद्धा देवाला विचारल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही, हा नेम दोन्ही वाडे पाळतात. विचारायचं ते भिकाजीमार्फत. भिकाजीचं घराणं दोडामार्गाकडचं. त्याच्या आजोबांना आमच्या गावाने मुद्दाम आणून वसवलं, कारण वयल्या वाड्याने घातलेलं गाऱ्हाणं सकयल्याला चालेना आणि सकयल्याने लावलेला कौल वयल्याला पटेना. भिकाजी राखणदाराच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कोणती पाकळी आधी पडते ते बघायचं. उजवी म्हणजे होकार. पानं तोडायला आम्हाला उजवी मिळाली होती. ‘‘दोन वाड्यांची दोन लेकरां एका कामाक इली,’’ भिकाजी म्हणाला होता, ‘‘देव नको कशाक म्हणतलो?’’

पानं प्रज्योत तोडायचा, ढाली मी सांभाळायची. आमच्या घराच्या पडवीत मलमल बांधलेले डबे ओळीने मांडलेले असायचे. पहिल्या वर्षी ढालींना बुरशी आली. दुसऱ्या वर्षी मुंग्या शिरल्या. तिसऱ्या वर्षी पतंग निघाले त्या सगळ्या माद्या. बाबा म्हणायचे, घरात एक भागी होती ती पुरे नव्हती काय. मग यंदा, शिमग्याला अजून अवकाश असताना, एका डब्यात एक पतंग बसलेला दिसला आणि त्याच्या पोटाच्या टोकाला केसांचा झुपका होता. मी ओरडले तशी आई पळत आली, तिला वाटलं साप निघाला. मी तो नर मारला, टोचला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कपाटात नेऊन ठेवला. पोट अजून मोडायचं होतं. ते काम घाईचं नाही. हात थरथरला की गेलं. शिवाय आतल्या अवयवांचं चित्र प्रज्योत काढणार होता, आणि त्याला सूक्ष्मदर्शकावर स्वस्थ बसता यायला हवं होतं. प्रज्योतच्या उजव्या हाताला देवाने काय दिलंय कोण जाणे, शाईने काढलेला त्याचा पंख बघून मला फुंकर मारायची भीती वाटते. मला कोणी चित्र काढायला बसवलं तर पतंग आणि जातं यांत फरक राहणार नाही.

आता भांडणाचं मूळ सांगते. नवी जात जाहीर करताना एकच नमुना त्या नावाचा धनी ठरतो. त्याच्या सुईखाली एक चिठ्ठी टोचायची असते, कुठे सापडला आणि कोणाला. ती जागा परदेशी संशोधनपत्रिकेतल्या लेखात छापतात आणि मग जग बुडेपर्यंत त्या जातीचा पत्ता तोच. आम्ही लिहिलं होतं, ‘निरगुळ, राखणदाराची राय’. त्यात कोणाला काही खुपेल असं आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

माझा धाकटा भाऊ सिद्धेश तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. पतंगाचं त्याला सोयरसुतक नाही, पण बहिणीचं कौतुक उतू जातं. त्याने गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: ‘आमच्या वयल्या वाड्याच्या रायेत जगात खंय नाय असो पतंग. शोध लावणारी आमची भागी.’ प्रज्योतचं नावही नाही. एका वर्तमानपत्राने ते उचललं आणि ‘वयल्या वाड्याची देवराई’ हे शब्द छापून आले. बाबांनी तो अंक त्याच दिवशी डिचोलीला वकिलाकडे नेला. मी त्यांना सांगितलं की पतंगाच्या पत्त्याने जमिनीचा निकाल लागत नसतो. ते म्हणाले, ‘‘परदेशात छापतत म्हणतस मगे? परदेशातली माणसा काय खोटी बोलतत?’’ बाबांचं नाव कृष्णनाथ. खाणी चालू होत्या तोवर स्वतःचे दोन ट्रक फिरवले, आता खटला चालवतात.

रविवारी दुपारी सकयला वाडा आमच्या दारात आला. पुढे प्रज्योतचे काका गुरुदास, मागे दांडे घेतलेले वीसेक जण.

‘‘भागी, भायर यो,’’ गुरुदासकाका म्हणाले. ‘‘पाना कोणी तोडली? माझ्या पुतण्यान. पुतण्यो खयचो? सकयल्या वाड्याचो. मगे पतंग वयल्या वाड्याचो झालो कसो?’’

मी म्हटलं, ‘‘काका, पतंग कोणाच्याच वाड्याचा नाही. तो रानजायफळाचा आहे.’’

हे बोलणं पुरं होण्याआधीच एका पोराने पहिला डबा उचलून अंगणातल्या दगडावर आपटला. मग दुसऱ्याने दुसरा. डबे फुटताना फार आवाज होत नाही, प्लास्टिकचेच ते. ढाली उडाल्या आणि चपलांखाली गेल्या. ज्यांच्याजवळ मी श्वाससुद्धा जपून घेत होते त्या ढाली, आणि त्यावर हे लोक नाचत होते. मला त्यानंतरचं नीट आठवतं. तुळशीपाशी पितळेचा तांब्या होता. तो मी उचलला आणि सर्वांत जवळ होता त्याच्या नाकावर घातला. हाड मोडल्याचं हाताला कळलं. तो खाली बसला, तर मी आणखी एक घातला. कोणीतरी माझे केस धरून मला पडवीच्या खांबावर आदळलं. बाबांच्या खांद्यावर दांडा बसला. आई जनेलाच्या गजांतून उकळतं पाणी फेकत होती, आणि त्यातलं अर्धं माझ्याच पाठीवर पडलं.

सिद्धेश रविवारच्या पाळीवरून आला, त्याने अंगण बघितलं, माझं कपाळ बघितलं, आणि जेवला नाही. मित्रांना घेऊन तो सकयल्या वाड्यावर गेला. त्यांनी गुरुदासकाकांच्या दुकानाच्या फळ्या फोडल्या आणि साठीच्या त्या माणसाला बाहेर ओढून त्याच्याच दुकानापुढच्या गटारात तुडवलं. पोलीस आले, त्यांनी दोन्हीकडची नावं घेतली आणि शांत राहायला सांगितलं. निरगुळला शांत राहायला सांगणं म्हणजे माझ्या आईला मासळीच्या आमटीत कोकम घालू नको सांगणं.

दुसऱ्या दिवशी प्रज्योत कॉलेजात आला तो सुजलेला ओठ घेऊन. त्याच्या वाड्याने त्यालाही सोडलं नव्हतं. वयल्या वाड्याच्या पोरीबरोबर काम करून वाड्याचा पतंग घालवला म्हणून चुलत भावांनीच मारलं होतं. मी कपाट उघडून नर जागेवर आहे का ते बघितलं. होता. आता तेवढा एकच होता.

‘‘आकडे घालूया,’’ प्रज्योत म्हणाला. ‘‘अक्षांश, रेखांश. गावाचा नावच नको.’’

आम्ही तसं घरोघरी सांगून बघितलं. बाबा म्हणाले, आकडे कोर्टाला कळत नाहीत. गुरुदासकाका गादीवर पडल्या पडल्या म्हणाले, आकड्यांत लबाडी करता येते. नुसतं ‘निरगुळ’ लिहितो म्हटलं, तर दोघेही खवळले. नुसतं निरगुळ म्हणजे राय दुसऱ्याची असेल असं कबूल केल्यासारखं होतं, असं दोघांचंही म्हणणं. इतक्या वर्षांत दोन्ही वाड्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं की राखणदारालाच विचारायचं, चिठ्ठीवर कोणता वाडा लिहू. आणि ज्या वस्तूवरून वाद ती देवापुढे ठेवावी लागते. जमिनीचा वाद असला तर तिथली मूठभर माती ठेवतात. पतंगाचा होता, म्हणून पतंग.

‘‘नाही आणणार,’’ मी म्हटलं.

‘‘नाय नेलो तर ते हंय येतले,’’ प्रज्योत म्हणाला. ‘‘कपाट फोडतले, भागी. तुका म्हायत आसा.’’

मला माहीत होतं. म्हणून मी तयार झाले. निकाल काहीही लागो, नर जिवंत राहिला पाहिजे, असं मी प्रज्योतला म्हटलं आणि मग दोघांनाही हसू आलं, कारण मेला तर तो केव्हाच होता.

सकाळी दोन्ही वाडे रायेत जमले. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, मध्ये राखणदाराचा पाषाण आणि त्यावर वाकलेली रानजायफळं. कोवळी पानं चमकत होती, कित्येकांना भोकं पडलेली. खाली पाचोळा घोट्यापर्यंत. त्यात अजून न फुटलेल्या ढाली असणार हे मला आणि प्रज्योतला ठाऊक होतं, म्हणून आम्ही दोघे पाय उचलून उचलून टाकत होतो आणि बाकीचे आम्हाला हसत होते. मी डबी पाषाणापुढे ठेवली. डबीत फोमचा तुकडा, त्यात सुई, सुईवर तो. देवापुढे नारळ होते, आणि नारळ सोलायला एक कोयता.

भिकाजीने दोन पाकळ्या लावल्या, उजवी वयल्या वाड्याची, डावी सकयल्याची. मग हात जोडले. ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या पतंगाक खयच्या वाड्याचो म्हणाचो, ता तूच सांग रे म्हाराजा. तुझ्या लेकरांची डोकी ताळ्यार हाड रे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले. मीही म्हटलं. मोबाईल दोन्ही बाजूंनी वर धरलेले होते.

पाकळ्या दोन्ही एकदम पडल्या.

भिकाजी म्हणाला, ‘‘देवान दोगांकय दिलो.’’ त्याचं ऐकतं कोण! आमच्याकडून आरडा झाला की उजवी आधी पडली, त्यांच्याकडून की डावी. मोबाईलवर व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालवले, आणि गंमत बघा, आमच्या बाजूने घेतलेल्या व्हिडिओत आमची आधी पडलेली दिसत होती आणि त्यांच्या बाजूच्या व्हिडिओत त्यांची. कोणीतरी कोणाचा तरी मोबाईल ओहळात फेकला. तिथून सुरू झालं.

मारामारी लांबून बघणाऱ्याला एक दिसते, पण आत असलं की तुकडे तुकडे दिसतात. एकाच्या कानातून रक्त येत होतं आणि तो ते न पुसता दुसऱ्याच्या पोटात गुडघा घालत होता. बाबा एका माणसाच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात माती कोंबत होते. तो माणूस पूर्वी त्यांच्याच ट्रकवर क्लीनर होता. नारळ फेकले जात होते. नारळ डोक्यावर बसला की येणारा आवाज मी विसरणार नाही. गुरुदासकाका फुटलेल्या बरगड्यांनिशी पुढे आले आणि त्यांनी डबी उचलली. ‘‘आमचो तो!’’ ते ओरडले. प्रज्योत त्यांच्यावर धावून गेला, स्वतःच्या काकावर, आणि डबी त्यांच्या हातातून हिसकावून छातीशी धरली.

सिद्धेशने एवढंच बघितलं की सकयल्या वाड्याच्या माणसाने डबी घेतली. त्याच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता. प्रज्योतने उजवा हात आडवा केला आणि कोयता मनगटावर बसला.

प्रज्योत खाली बसला. हात वेगळ्याच बाजूला वाकला होता, आणि डबी डाव्या हातात होती. सिद्धेशचं तोंड मी बघितलं. माझा भाऊ तिथे नव्हता. त्याने कोयता पुन्हा उचलला, या वेळी मानेच्या उंचीला.

मी डबी ओढून घेतली, झाकण उघडलं, आणि सुईवरचा तो नर अंगठा आणि बोटामध्ये धरून चिरडला. सुई अंगठ्यात शिरली. हात वर करून मी किंचाळले, ‘‘बघ! सिद्धेश, हंय बघ! गेलो तो! नाय आता कोणाचोच!’’

सिद्धेश थांबला. कोयता वरच राहिला, पण थांबला. त्याच्यामागे आणखी एकजण थांबला, मग त्याच्यामागचे. एकेकाने येऊन माझा अंगठा बघितला. रक्त होतं, आणि त्यावर चिमूटभर काळी-सोनेरी भुकटी. भांडायला काही उरलं नव्हतं. माणसं एकमेकांच्या अंगावरून उठली, चपला शोधू लागली. बाबांनी त्या क्लीनरच्या तोंडातली माती स्वतःच्या बोटाने काढली. सिद्धेशने कोयता टाकला आणि तो रडायला लागला. मी त्याला लाथ घातली. प्रज्योत मात्र माझ्याकडेच बघत होता. त्याचा हात लोंबत होता, रक्त कोपरावरून गळत होतं, आणि तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

पोलिसांनी सिद्धेशला नेलं. प्रज्योतला आम्ही बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. हात वाचला, पण शिरा जोडूनही अंगठा आणि दोन बोटं बंद होईनात. चहाचा कप धरता येईल, डॉक्टर म्हणाले. शाईची बारीक रेघ येणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हाला कळत होतं.

कितीतरी दिवस प्रज्योत माझ्याशी बोलला नाही. मी रोज जायची, खुर्चीवर बसायची, संत्री सोलायची, परत यायची. बसमध्ये रडायची, पण तेवढंच. मग एकदा तो म्हणाला, ‘‘मारलस कित्या?’’

‘‘तुझी मान गेली असती.’’

‘‘गेली असती तर गेली असती,’’ तो म्हणाला, आणि डाव्या हाताने त्याने संत्र्याची बशी माझ्या अंगावर भिरकावली. त्याची आई मालतीमामी धावत आली. मी फोडी गोळा केल्या. मला त्याचा राग आला नाही. मला राग न आलेला असा प्रसंग आयुष्यात तो एकच. मी त्याच्या जागी असते तर बशी सरळ डोक्यात घातली असती.

पण त्याच दिवशी मी निघताना तो म्हणाला, ‘‘मोसम अजून सरूक नाय, भागी. पाचोळ्यात ढाली आसत.’’

होत्याच. हजारो असतील. आमच्या पडवीतल्या गेल्या, कपाटातला गेला, पण रायेतल्या पाचोळ्यात ढाल्या अजून झोपलेला होता. त्यातून एक, फक्त एक नर मिळाला की पोट मी मोडेन, चित्र डाव्या हाताने का होईना प्रज्योत काढेल, दहा वेळा काढेल. आणि पत्ता? पत्ता आम्ही आकड्यांत लिहू आणि दोन्ही वाड्यांना सांगू की मरा. मी त्याच वेळी उठून जाणार होते, पण देवाच्या जागेत रक्त सांडलं होतं, आणि शुद्धी झाल्याशिवाय रायेत कोणी पाय ठेवायचा नाही असं गावाने ठरवलं होतं. मी बाबांना विचारलं, शुद्धी म्हणजे काय करणार? बाबा म्हणाले, काय करायचं असतं, पाणी शिंपडायचं, नारळ ठेवायचा. मला ते पुरेसं वाटलं. मी प्रज्योतला सांगितलं, तुला घरी सोडलं की दोघे मिळून जाऊ, कौल लावून घेऊ.

प्रज्योतला इस्पितळातून सोडलं त्या दिवशी त्याला घरी न नेता मी गाडी थेट ओहळापाशी नेली. तोच म्हणाला, आधी राय.

लांबूनच धूर दिसला. मग माणसं दिसली. वयला वाडा आणि सकयला वाडा एका पंगतीत बसून उसळ-पाव खात होता. बायका एकमेकींना वाढत होत्या. माझे बाबा आणि गुरुदासकाका एकाच दगडावर बसले होते, दोघांचे पाय मातीने भरलेले, दोघांच्या हाताला हिराच्या केरसुणीने आलेले फोड. माझ्या जन्मात मी असं दृश्य बघितलं नव्हतं. प्रज्योत गाडीतून उतरला आणि पंगतीकडे न बघता आत चालू लागला.

रायेत पाचोळा नव्हता. एक पानही नव्हतं. ओहळापासून पाषाणापर्यंत आणि पाषाणापासून पार मागच्या कड्यापर्यंत जमीन खरवडून झाडलेली होती, वर गोमूत्र शिंपडलेलं. रानजायफळांच्या खालच्या फांद्या बोडक्या होत्या; भोकं पडलेलं प्रत्येक पान आकडीने ओढून काढलं होतं. चार कोपऱ्यांना चार राखेचे ढीग, त्यांतला एक अजून धुमसत होता. प्रज्योत त्याच्यापुढे बसला. डावा हात त्याने राखेत घातला, भाजला तसा बाहेर काढला, आणि पुन्हा घातला.

बाबा हसत माझ्यामागे आले. सिद्धेशच्या बारशानंतर ते इतके हसले नसतील.

‘‘मिटला गो भागी सगळा,’’ ते म्हणाले. ‘‘खटलो दोगांनीय सोडलो. पयलो नारळ एक वर्सा आमचो, एक वर्सा तेंचो. देवाच्या जागेर रक्त सांडला, म्हणान दोनय वाड्यांनी मिळान राय न्हिवळ केली. केर काडून लासलो, किडकी पाना काडली. दोन दिस लागले. कोण कोणाक वायट बोलूक नाय.’’

गुरुदासकाकाही लंगडत आले. त्यांनी प्रज्योतच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘आता तू त्या चिठयेर निसता निरगुळ लिही, पोरी. आमची हरकत नाय.’’

‘‘निसता निरगुळ,’’ बाबा म्हणाले. दोघांनी मिळून एवढं मोठं मन केलं होतं, आणि मी आनंदाने रडेन अशी वाट बघत ते उभे होते.

केरसुणी तिथेच झाडाला टेकवलेली होती. मी ती उचलली आणि बाबांच्या तोंडावर मारली. मग गुरुदासकाकांच्या. मग परत बाबांच्या. हीर मोडले तशी उलटी धरून मुठीने मारलं. पंगत उठून आली. त्यांनाही मारलं, जो हाताला लागेल त्याला, वयला सकयला न बघता. मी ओरडत होते की तुम्ही त्याला जाळलात, सगळ्यांना जाळलात, आणि ते एकमेकांना विचारत होते की ही कोणाबद्दल बोलते, कोण जळालं. बाबांच्या गालावर रक्ताच्या रेघा उठल्या. त्यांनी गुरुदासकाकांचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि मान खाली घालून मार खात होते.

मी हात दुखेपर्यंत मारलं. उलटून कोणीच हात उचलला नाही. त्या सकाळीच दोन्ही वाड्यांनी देवाला शब्द दिला होता की या जागेत पुन्हा कोणी कोणावर हात टाकणार नाही.